कवटीला चालणारा हात

ज्या माणसाचं मी आयुष्यात सगळ्यात जास्त वाईट चिंतलं, त्याचीच सेवा मी सगळ्यात मन लावून केली. दवाखान्यात तेव्हा माझं कौतुक झालं. कौतुक करणाऱ्यांना खरं कारण माहीत नव्हतं. ते आज सांगते.

परभणीला सरकारी दवाखान्यात मी नर्स होते. दुष्काळ सरून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. उन्हाळ्यातल्या एका सकाळी ताडकळसकडच्या आमच्या गावातून जीपमध्ये घालून एक पेशंट आणला. चाळिशीच्या आतबाहेरचा, अंगानं धिप्पाड. डावा पाय ओढत होता, डावा हात लुळा पडला होता. नाव विचारलं तर आपल्या बैलाचं नाव सांगत होता. मी त्याचा चेहरा बघितला आणि हातातला ट्रे टेबलावर ठेवून दिला. तो हाच होता.

आम्ही बौद्ध झाल्यावर माझ्या वडिलांनी गावात सांगून टाकलं की आता मेलेलं जनावर ओढायचं नाही. पुढच्याच पावसाळ्यात याच्या गोठ्यात बैल मेला. वडील गेले नाहीत. तेव्हा हा तरणाबांड होता. तो काठी घेऊन आमच्या वस्तीत आला आणि सगळ्यांसमोर त्यानं वडिलांचा उजवा हात कोपरात मोडला. मी दहा वर्षांची होते. वडिलांचा हात वाकडाच बसला आणि पुढं ते डाव्या हातानं जेवायला शिकले. त्यांनी मला नर्सिंगला पाठवलं, मी शिकले, नोकरीला लागले, पण त्या माणसाला मी एक दिवसही विसरले नाही. त्याच्या घरावर वीज पडावी असं मी कितीदा म्हणाले असेन, त्याला मोजमाप नाही.

आणि आता तो माझ्याच वॉर्डात आला होता.

बरोबर त्याची म्हातारी आई आणि धाकटा भाऊ होता. महिन्यापूर्वी तो मोटरसायकलवरून पडला होता म्हणे. लागलं काहीच नाही. टेंगूळ आलं, उतरलं. मग डोकं दुखायला लागलं, जीभ जड झाली, दिवसभर झोपायचा. गावानं आधी दारू म्हटलं, मग बाहेरची बाधा म्हटलं. दंडात दोन ताईत बांधलेले होते. आमच्या डॉक्टरसाहेबांनी त्याच्या पापण्या उचलून बघितल्या. उजवी बाहुली मोठी झाली होती.

"कवटीच्या आत जुनं रक्त साचलंय सिस्टर," ते म्हणाले. "मेंदू दाबला जातोय. हैदराबादला पोचणार नाही हा."

आतलं दाखवणारं यंत्र आमच्याकडे नव्हतं. भोक पाडूनच बघायचं होतं. त्याचं डोकं भादरायचं काम माझ्याकडे आलं. वस्तरा हातात, खाली ती मान. मनात काय काय आलं ते लपवत नाही. पण खरं सांगते, मला तो मरायला नको होता. असा अर्धवट शुद्धीत मेला असता तर त्याला काही कळलंच नसतं. मला तो शुद्धीवर हवा होता, मला ओळखायला हवा होता, आणि त्याच्या माणसांसमोर त्याची मान माझ्यापुढं खाली जायला हवी होती. म्हणून मी त्याचं डोकं एवढं जपून भादरलं की एक ओरखडा उठला नाही.

ऑपरेशन डोक्याची कातडी तेवढी बधिर करून झालं. डॉक्टरसाहेबांकडं भोकं पाडायला सुतार वापरतात तसाच हातानं फिरवायचा सामता होता. मी दोन्ही हातांनी डोकं धरलं. हाडाचा भुगा बाहेर येत होता. आतलं आवरण निळसर दिसलं. त्याला चीर दिली तशी काळी धार उसळली. पूर्णेच्या रेल्वे शेडमध्ये इंजिनाखाली सांडलेलं तेल असतं ना, तसं ते रक्त होतं. मागच्या बाजूला दुसरं भोक पाडलं आणि एकातून कोमट सलाईन सोडून दुसऱ्यातून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुतलं. मग आत रबरी नळी ठेवली. तिचं दुसरं टोक कॉटखालच्या बाटलीत.

"मेंदू महिनाभर दबून खाली बसलाय," साहेब हात धुताना म्हणाले. "तो फुगून वर आला पाहिजे, नाहीतर त्या पोकळीत पुन्हा रक्त भरेल. उशी द्यायची नाही, पायाकडं विटा लावा आणि पाणी पाजा. भरपूर पाजा. नाहीच प्यायला तर सलाईन लावा. आणि ती बाटली वर उचलायची नाही कधी, आतलं उलटं जाईल."

ती बाटली मी दिवसातून दहादा बघायचे. उचलली मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बोलायला लागला. पेरणीचं विचारलं, आईला ओळखलं. मला नाही ओळखलं. वॉर्डातला माठ मीच भरायचे. मी पेला भरून नेला तसा भाऊ मध्ये आला.

"सिस्टरबाई, आमच्या हिरीचं पाणी आणलंय आमी. तुमी कशाला तरास घेता?"

बोलणं अगदी गोड. पण मी कुठल्या वस्तीतली, हे त्यानं पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं. मी त्याच्या भावाचं डोकं भादरलं, कवटी धरली, रक्तानं भिजलेल्या पट्ट्या बदलल्या, त्याला कुणाची हरकत नव्हती. माझा हात कवटीला चालत होता, पेल्याला चालत नव्हता. मी पेला परत नेला.

त्यांची तांब्याची कळशी त्या उन्हात अकरा वाजताच संपली. भाऊ दुसरी आणायला गावाकडं गेला तो येईना. बारापर्यंत पेशंट पुन्हा पेंगायला लागला, डोकं दुखतंय म्हणून कण्हू लागला. म्हातारी घाबरून माझ्याकडं आली.

"बाई, ती सलायनची बाटली लावा की शिरंतून. त्याला काय हुत न्हाई."

शिरेतून चालत होतं. बंद बाटलीतलं ना ते.

"सलाईन संपलंय," मी म्हणाले.

संपलं नव्हतं. कपाटात तीन बाटल्या होत्या आणि किल्ली माझ्या कमरेला होती. साहेब दुसऱ्या ऑपरेशनमध्ये अडकले होते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. एक वाजेपर्यंत थांबायचं मी ठरवलं होतं. एक वाजला. मी आणखी थांबले. पदराखाली किल्ली मुठीत धरून थांबले. याला पाप म्हणायचं तर म्हणा.

शेवटी म्हातारी उठली, दाराकडं बघितलं, भाऊ दिसेना. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "पाज त्याला. तुज्या माठातलं पाज."

मी पेला भरला. आधी त्याच्या कानाची पाळी चिमटीत धरून त्याला जागं केलं.

"मला वळखलं का?" मी म्हणाले. नोकरीतली भाषा गळून पडली होती. "तुमी ज्याचा हात मोडला, त्याची लेक हाय मी. पेता का माज्या हातचं पाणी?"

सगळा वॉर्ड ऐकत होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. ओळखलं, ते मला स्पष्ट दिसलं. मग ओठ पुसून तो म्हणाला, "दे."

घटाघटा प्यायला. दुसरा पेला प्यायला, तिसरा प्यायला. पाणी हनुवटीवरून गळ्यात उतरत होतं आणि तो "आनखी" म्हणत होता. शरम नाही, राग नाही, काही नाही. नुसती तहान. सोळा वर्षं मी जे बघायची वाट पाहिली, ते त्या तोंडावर नव्हतंच. मला इतका संताप आला की तो पेला त्याच्या अंगावर फेकावासा वाटला. फेकला नाही, भरत राहिले. भाऊ संध्याकाळच्या गाडीनं आला तोवर निम्मा माठ संपला होता.

तिसऱ्या दिवशी नळी काढली. दहाव्या दिवशी तो स्वतःच्या पायांनी चालत जीपमध्ये जाऊन बसला. म्हातारीनं साहेबांना हात जोडले. साहेबांनी तिला माझ्याकडं बोट करून दाखवलं, तेव्हा ती गाठोडं बांधत राहिली.

पंधरा दिवसांनी आमच्या वस्तीतली एक बाई औषधाला आली. हसू दाबत सांगायला लागली, की त्याला उंबऱ्याबाहेर थांबवलं, गोमूत्र पाजलं, अंगावर शिंपडलं, तेव्हा कुठं घरात घेतलं. आणि तो मुकाट्यानं प्याला म्हणे.

मी तिच्या हातात गोळ्यांची पुडी दिली.

"त्याच्या आईला माजा निरोप सांग," मी म्हणाले. "म्हणावं, तोंड धुतलं, पोट धुतलं, लय चांगलं केलं. पर त्याचा मेंदू खाली बसला व्हता, तो माज्या पाण्यानं वर आलाय. आता जल्मभर तो जे काय बोलंल, ज्याला वळखंल, ज्याला शिव्या दील, ते सगळं त्याच पाण्यावर चालायचं हाय. तितं गोमूत्र पोचत न्हाई."

ती बाई म्हणाली, "असं कसं सांगू बाई मी?"

"मग मीच येते बाजारच्या दिवशी," मी म्हणाले. आणि गेले.