खंडेनवमी आणि बंद नळ

फळ्यावर मी मॅग्नेशियमच्या बाहेरच्या कक्षेत तीन इलेक्ट्रॉन काढले. मागून देवरे साहेब म्हणाले, "गायधनी, हे अ‍ॅल्युमिनियम झालं. मॅग्नेशियमला दोनच." सगळं शॉप हसलं. अंबडच्या त्या कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर, ते प्लँट मॅनेजर. मी कामगारांना देत असलेलं ट्रेनिंग तिथेच संपलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मशिनच्या पूजेआधी शॉप पाइपने धुवायचं, ही आमची रीत. पण त्या वर्षी मॅग्नेशियमच्या पार्टचं नवं काम आलं होतं आणि मशिनखाली त्याचा बारीक कीस साचला होता. आमचे जुने हेल्पर सोनवणे मामा यांनी घमेलंभर कीस भिजवलाही. मी धावत जाऊन नळ बंद केला आणि नळापुढेच उभा राहिलो.

"बाजूला व्हा," देवरे साहेब म्हणाले. "तोच पार्ट आपण रोज धुतो. त्याला काय झालं?"

"तो ठोकळा आहे. हा कीस आहे. आधी कोरडाच बाहेर काढू."

"ज्याला इलेक्ट्रॉन मोजता येत नाहीत, त्याने मला शिकवायचं?"

"दोन म्हणा, तीन म्हणा. पाणी सुटणार नाही."

"मग उद्यापासून येऊ नका."

"उद्या दसऱ्याची सुट्टीच आहे. परवा येतो."

पाइप धरलेले मामा म्हणाले, "लवकर ठरवा साहेब. माझे पाय लय भरून आले."

मी नळाला पाठ टेकून उभाच राहिलो.

मॅग्नेशियमच्या अणूत बारा इलेक्ट्रॉन. आत दोन, मग आठ, बाहेर दोन. आतले घट्ट बसलेले. बाहेरचे दोघे चपला घालून उंबऱ्यावर टेकलेल्या पाहुण्यांसारखे. पाणी आलं की निघाले. त्यात हायड्रोजन सुटतो, आणि तो पेट घेतो. ठोकळ्यात हे फार हळू चालतं, किसाच्या ढिगात मात्र उष्णता साठत जाते.

भिजलेलं घमेलं मी दाराबाहेर उघड्यावर ठेवायला लावलं. थोड्या वेळाने पूजेचं ताट घेऊन देवरे साहेब तिथे आले. ताटात निरांजन पेटलेलं. किसातून बारीक बुडबुडे येत होते. त्यांनी घमेल्याला बोट लावलं आणि पटकन मागे घेतलं.

"तापलंय की."

"निरांजन लांब धरा, साहेब."

ते मागे सरले. मग मामांना म्हणाले, "पाइप गुंडाळा."

त्या वर्षी शॉप झाडून पूजा झाली. नारळ गेटवर फुटला. नोकरी राहिली. माफी कोणी मागितली नाही. धडा एवढाच, की फळ्यावर चुकलेल्या माणसाने निदान नळावर चुकू नये.

घरी मी हे सगळं छाती काढून सांगितलं. बायको झेंडूचा हार घेऊन स्कूटरपाशी उभी होती. तिने सीटवरून बोट फिरवलं, धूळ पाहिली.

"ही पण मॅग्नेशियमची आहे का हो? गेल्या दसऱ्यापासून पाणी लागलेलं नाही हिला."