झाकलेला झरोका

आमचं घर धाब्याचं. मातीच्या दोन हात जाड भिंती, वर सागाच्या कड्या, त्यांवर काटक्या-पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. मधल्या खोलीच्या छताला परातीएवढा झरोका. आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, झाली की बाबा पांढरी माती आणून धाब्यावर पसरायचे, पायांनी दाबायचे. मी जळगाव जामोदला शाळेत विज्ञान शिकवतो. उष्णतेचं वहन हा माझा आवडता धडा. दरवर्षी माती टाकायची आणि दरवर्षी ती पावसात वाहू द्यायची, यात कसलं शहाणपण, असं मी त्यांना सुनवायचो. ते ऐकून घ्यायचे आणि टोपलं उचलायचे.

तीन वर्षांपूर्वी बाबांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. तेव्हापासून ते मधल्या खोलीत खाटेवर आहेत. धाब्यावर माती टाकायला मला काही कोणी अडवलं नव्हतं, पण मी टाकली नाही. पावसाळ्यात छत गळायला लागलं, उन्हाळ्यात बारीक माती त्यांच्या तोंडावर पडायची. पाहून माझा जीव तुटायचा. शेवटी मी एसी घ्यायचं ठरवलं.

एसीची गार हवा बाहेर गेली तर वीज फुकट जाणार, हे मला पुस्तकातून पाठ. मिस्त्री बोलावला. ओझं नको म्हणून धाब्यावरची सगळी माती खरवडून काढली आणि गल्लीतल्या खड्ड्यात ओतली. वर प्लास्टिक, त्यावर सिमेंटचा कोबा. भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा. झरोक्यावर फरशी. एकेक फट मी उभा राहून बुजवून घेतली आणि स्वतःवरच खूश झालो.

एसी चालतो तोवर खोली गार. पण आमच्याकडे भर दुपारी तासन्‌तास लाइट जाते. मग ती खोली नुसती भट्टी होते. याच खोलीत पूर्वी वैशाखात शेजारचे लोक पंख्याविना झोपायला यायचे. पावसाळ्यानंतर गिलावा फुगला, भिंतींना ओल धरली. एका कडीच्या टोकाला बोट लावलं तर लाकडाचा भुगा हातात आला.

मिस्त्रीला पुन्हा बोलावलं. तो भिंतीवर हात फिरवून म्हणाला, "गुरुजी, सिमिट काढली त मातीबी संगं येईन. अन् ठेवली त ओल अंदरच राहून लाकूड सडन."

"मग झरोका तरी उघडून दे."

"कड्या कमजोर झाल्या. फोडाले गेलो त सारं खाली येईन. तुमीच त म्हणले होते, एकदम प्याक पाह्यजे."

मला त्याचा राग आला. पण तो खरं तेच बोलत होता, तेव्हा गुमान चहा पाजून वाटेला लावला. बाबांना दुसऱ्या खोलीत हलवायचं, तर तिथंही तोच कोबा, तोच गिलावा. पांढरी माती जिथून आणायचे, तिथं आता घरं झाली आहेत.

काल दुपारीही लाइट गेली. बाबा घामानं भिजलेले. मी खाटेशी बसून वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घालत होतो. त्यांनी डावा हात उचलला आणि छताकडे बोट दाखवलं. ते बोट रोज तिथंच जातं.

"हाव बाबा, उघडतो," मी म्हणालो. रोज हेच म्हणतो. त्यांनी हात खाली घेतला आणि ते वर बघत वाट पाहत राहिले.