चादरीखालचं चित्र

कलादालनात शिरलो तर सुनंदाच्या चित्रावर पांढरी चादर टाकलेली होती. सुनंदा माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. चित्र तिच्या आईचं होतं. आजारपणात न्हाणीघरात पाटावर पाठमोरी बसलेली आई, आणि तिच्या उघड्या पाठीवर पाणी घालणारा लेकीचा हात. उद्घाटनानंतर काही माणसं आली, अश्लील अश्लील म्हणून ओरडली आणि वातावरण निवळेपर्यंत म्हणून आयोजकांनी चित्र झाकून टाकलं. तेव्हापासून गर्दी वाढली होती. बाकीच्या चित्रांकडे कुणी बघतही नव्हतं. सगळे चादरीसमोर उभे राहून फोटो काढत होते.

नेमकी त्याच दुपारी सुनंदाची आई मिरजेहून आली. आपलं चित्र बघायचं म्हणून ठेवणीतली साडी नेसून आली होती. चादर कशासाठी टाकली ते तिला दारातच कुणीतरी सांगितलं होतं; ती चादरीपुढे येऊन थांबली.

"माझ्यामुळे झालं का गं हे?" तिनं हळूच विचारलं.

"नाही गं आई," सुनंदा म्हणाली.

कलेच्या स्वातंत्र्यावर आम्ही दोघांनी इतकी वर्षं किती बोलून घेतलं, परिसंवादांत टाळ्याही मिळवल्या. पण एका म्हाताऱ्या बाईला तिच्याच पाठीची लाज वाटू नये, असं काही बोलणं त्यातून हाताला लागेना.

पंख्याच्या वाऱ्यानं चादरीचा कोपरा उडाला. आईनं चटकन पदर पाठीवरून लपेटून घेतला. ते पाहून सुनंदा पुढे झाली आणि तिनं स्वतःच्या हातानं तो कोपरा खाली ओढून चित्र पुन्हा झाकलं.