मी खाली आहे

मैसूरच्या सरस्वतीपुरममधल्या आमच्या ग्रंथालयात शनिवारी दुपारी मोठ्या मुलांची बैठक भरते. मोठी म्हणजे आठवी ते दहावीची. लहान मुलांच्या गोष्टींच्या तासाला आया पोरांना हाताला धरून आणतात, पेन्शनर मंडळी पेपरसाठी स्वतःहून येतात, पण ही मधल्या वयाची मुलं यायची ती फक्त गाईडमधली उत्तरं उतरवून घ्यायला. म्हणून ही बैठक मी वरिष्ठांशी भांडून सुरू करून घेतली. वरच्या हॉलमध्ये सतरंज्या घालायच्या, हवं ते हव्या त्या भाषेत मोठ्याने वाचायचं, मग कॅरम आणि शेवटी चुरमुरी. चुरमुरी नसती तर निम्मी पोरं फिरकली नसती, हे मला पक्कं ठाऊक आहे.

भांडून सुरू केली खरी, पण दर शनिवारी मी धास्तावलेली असते. लहान मूल पडलं की रडतं, आपल्याला कळतं. या वयाचं मूल पडलं तरी 'काही नाही' म्हणतं. या मुलांना कसं सांभाळायचं याचं एक प्रशिक्षण आम्हाला दिलं होतं. त्यातलं बाकी सगळं मी विसरले, एकच डोक्यात राहिलं. मूल म्हणालं की मला आतून रिकामं वाटतं, तर ते हसण्यावारी नेऊ नका आणि त्याला एकटं सोडू नका. तेव्हापासून मी प्रत्येक गप्प पोराकडे चोरून बघत असते. मुळात मी भित्री. माझ्या वडिलांचं लष्कर मोहल्ल्यात शिलाईचं दुकान होतं. ते गिऱ्हाइकांसमोर सांगायचे, आमची पोरगी नुसती साप साप म्हणून भुई धोपटते.

यंदा एक नवी मुलगी यायला लागली. वडिलांची बदली होऊन महाराष्ट्रातून आलेली, नववीतली, कन्नडचा गंध नाही. बाकीची मुलं मला 'मिस' म्हणतात, ही एकटी 'काकू' म्हणायची. मला कोण आनंद झाला! आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी आहे, पण मैसूरमध्ये राहून तिची पार खिचडी झालेली आहे. आम्ही चढतो मराठीत आणि उतरतो कन्नडात. 'वर' म्हणतो, पण त्याच्या उलट म्हणायचं झालं की 'केळगे' म्हणतो. हिची मराठी म्हणजे इस्त्री केलेली. मी बोलायला लागले की ती हळूच हसायची, आणि ती हसते म्हणून मी मुद्दाम आणखी कन्नड घुसवायची.

"सुम्ने का बसलीस ग? चुरमुरी घे की."

"सुम्ने म्हणजे काय, काकू?"

"सुम्ने म्हणजे उगीच. गप्प. काही कारण नाही, तसं."

दसऱ्यापर्यंत हे चाललं. नंतर तिचं हसू कमी कमी होत गेलं आणि ती खरोखरच सुम्ने बसायला लागली. शाळेत कोणाशी जमलं का, असं विचारलं तर मान हलवायची, पण ती मान हो म्हणते की नाही, ते मला कधीच कळलं नाही.

त्या शनिवारी वाचायची पाळी तिच्यावर आली. घरून आणलेलं मराठी पुस्तक तिने उघडलं, दोन ओळी वाचल्या आणि थांबली. कोणी हसलं नाही, कोणी काही बोललं नाही. तेच मला जास्त लागलं. माझ्याखेरीज कोणाला कळतच नव्हतं ती काय वाचते आहे. तिने पुस्तक मिटून सतरंजीवर ठेवलं आणि उठून दाराबाहेर गेली. मला वाटलं, पाणी प्यायला गेली असेल. पुढच्या मुलाचं वाचन सुरू झालं आणि संपलंही. ती आली नाही.

पाण्याच्या फिल्टरपाशी ती नव्हती. बाथरूमचं दार उघडंच होतं. मी फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर तिने उचलला.

"काय झालं ग? अशी का उठून गेलीस?"

पलीकडून अगदी सपाट आवाज आला, "काही नाही काकू. मी खाली आहे."

आणि फोन तुटला. परत लावला तर लागेना.

आता आमच्या मैसूरच्या मराठीत खाली म्हणजे रिकामं. डबा खाली, घागर खाली, दुकानातली साखर खाली. कन्नडातही तेच. पुस्तकातली मराठी मी चिक्कार वाचली आहे, तिथे खाली कशाला म्हणतात हे मला माहीत नाही असं नाही. पण घाबरलेल्या माणसाला घरचीच भाषा ऐकू येते. मला ऐकू आलं, मी रिकामी आहे.

मुलांना कॅरम काढायला सांगितलं. माझा आवाज इतका विचित्र निघाला की दोघी-तिघी माझ्याकडे बघतच राहिल्या. खिडकीतून गेटवरच्या वॉचमनला ओरडून विचारलं, ती मराठी मुलगी दिसली का?

"आचे यारू होगिल्ला, मेडम," तो म्हणाला. बाहेर कोणी गेलं नव्हतं.

म्हणजे ती इमारतीतच होती. या मजल्यावर नव्हती, केळगे जाऊन बघावं हे मला सुचलंच नाही, आणि याच्या वर फक्त गच्ची. गच्चीच्या दाराचं कुलूप बिघडलेलं आहे, हे मीच दर आठवड्याला ऑफिसात सांगत होते. मी जिना कसा चढले ते मला आठवत नाही. एरवी माझे गुडघे प्रत्येक पायरीला कुरकुरतात. त्या दिवशी ते होते की नव्हते, देव जाणे. दार ढकललं. पाण्याची टाकी, वाळत घातलेल्या दोन सतरंज्या, एक कावळा. टाकीच्या मागे बघितलं, कोणी नाही. उरला कठडा. त्या कठड्याकडे जायचं मला धैर्य होईना. डोळे मिटून गेले, दोन्ही हातांनी तो धरला आणि मग डोळे उघडले. रस्त्यावर एक शहाळेवाला उभा होता आणि एक बाई स्कूटरवर बसून शहाळं पीत होती. बस. मला रडू फुटलं.

तिथूनच मी तिच्या आईला फोन केला.

"ताई, तुमची मुलगी उठून गेली. सापडेना. मला म्हणाली, मी खाली आहे."

"मग असेल की खाली," आई म्हणाली.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "ताई, ती खाली आहे म्हणते!"

"हो, कळलं ना. वर उकडत असेल तिला. घरीसुद्धा अशीच जाऊन बसते."

असा संताप आला मला! पोरगी आतून रिकामी आहे म्हणते, आणि ही बाई म्हणते उकडत असेल! मी ओरडले, "आई आहात की कोण? तिच्या मनात काय चाललंय याचं तुम्हाला काहीच नाही?"

"अहो, मनाचं कुठे काढलंत?" आता तीही चिडली. "खाली म्हणजे जिना उतरून खाली! तुम्ही तळमजला बघितलात का? तुम्ही आहात कुठे?"

मी गच्चीवर होते.

आई म्हणाली, मी निघतेच. मी कठडा सोडला आणि दोन मजले उतरले. आमच्या इमारतीच्या मागच्या अंगाला जमीन उतरती आहे, तिथे जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे ठेवायची खोली आहे. तिथे फोनची रेंज येते आणि जाते, हे ग्रंथालयातल्या प्रत्येकाला माहीत आहे. दार लोटलेलं होतं. ती एका गठ्ठ्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मी तिला इतकं घट्ट धरलं की ती दचकली.

"काकू, मी सांगितलं होतं ना, खाली आहे म्हणून."

मला हसू आवरेना. रडता रडता मी हसत होते. "अय्यो, आमच्या मराठीत खाली म्हणजे रिकामं ग, राणी! डबा खाली, घागर खाली. मी समजले, तू म्हणतेस तू रिकामी आहेस. गच्चीवर जाऊन आले मी तुझ्यासाठी. तुझ्या आईशी भांडले!"

ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. मी काय बोलले ते ती मनात जुळवत असावी.

"तुम्ही बरोबर समजलात," ती म्हणाली. "तेही आहे."

माझं हसू तिथेच थांबलं. गच्चीवर मी घाबरले होते ती माझ्याच कल्पनेला. ही भीती माझ्यासमोर गठ्ठ्यावर बसली होती आणि नववीत शिकत होती. वरती कॅरमवरून भांडण लागलं होतं, कोणीतरी 'मिस, मिस' म्हणून हाका मारत होतं. मी ओ दिली नाही. तिच्या शेजारच्या गठ्ठ्यावर नीट बसले, तिचा हात हातात घेतला आणि विचारलं, "कधीपासून ग?"