खालच्या मजल्यावरचा माग

खळीचा वास आंबूस असतो. रात्रभर झाकून ठेवलेल्या तांदळाच्या पेजेचा, त्यात तेलाचा एखादा थेंब, आणि ओल्या सुताची किंचित धुळकट झाक. उमरेडला आजोळच्या गल्लीत हा वास सकाळी उन्हाच्याही आधी पोचायचा. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुताचा ताणा पसरलेला असे, त्यावर खळीचा कुंचा फिरवत माणसं न बोलता मागे-पुढे चालत, आणि आम्हा पाहुण्या मुलांना भिंतीला पाठ घासून पलीकडे जावं लागे. आईच्या बोटांना तो वास आयुष्यभर राहिला अशी माझी समजूत आहे. तसं शक्य नाही, कारण लग्नानंतर तिने मागाला हात लावला नाही. पण लहानपणी तापात तिने कपाळावर तळवा ठेवला की मला तोच वास यायचा, आणि मी डोळे मिटून घ्यायची.

यंदाच्या उन्हाळ्यात मामाचा फोन आला तेव्हा आई माझ्याकडे, नागपुरात प्रताप नगरला होती. गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली. वॉकर धरून बैठकीतून स्वयंपाकघरापर्यंत जाण्याची मुभा होती, जिना उतरण्याची नव्हती. मामाने तिच्या गुडघ्याची चौकशी केली, उन्हाची केली, माझ्या घरच्या नळाच्या पाण्याचीसुद्धा केली, आणि मग सांगितलं की माग मोडून काढायचं ठरलं आहे. त्याची पाठ आता साथ देत नव्हती. घरात मागावर बसणारं दुसरं कुणी नव्हतं. समोरच्या खोलीत मुलाला झेरॉक्सचं दुकान टाकायचं होतं. गुरुवारी दुपारी सुतार येणार होता.

"काढ न गा," आई म्हणाली. "लाकूडच तर आहे."

फोन ठेवल्यावर तिने वॉकर जवळ ओढला आणि परत सोडून दिला. मग म्हणाली, "त्याले सांग, कापायच्या आधी मले एक डाव ताणा पाहू दे."

ती काय पाहू मागत होती, ते मला ठाऊक होतं. नवा ताणा, म्हणजे लांबीचे धागे, चढवताना मागाची ओवणी पुन्हा करत नाहीत; फणीच्या दातांमधून एकेक धागा ओवायला फार दिवस जातात. आधीचं कापड उतरवताना हातभर जुना ताणा फणीत तसाच ठेवतात आणि त्याच्या एकेका धाग्याला नव्याचा एकेक धागा पिळून जोडतात. मग जुना धागा नव्याला आपल्यामागे ओढत फणीतून पलीकडे नेतो आणि स्वतः संपतो. हे जोडणं घरातल्या मुलींकडे असे. राखेत बोट बुडवायचं, दोन टोकं जुळवायची, पीळ द्यायचा, पुढचा धागा. आई सांगते, तिच्या आजोबांनी तो माग एकदा ओवला तो ओवलाच. त्यानंतर त्या घरात रिकामी फणी कुणी पाहिली नाही. आणि आता गुरुवारी मामा जोडायला काही न ठेवता फणीच्या मागून कात्री घालणार होता.

गुरुवारी सकाळी मी लॅपटॉप मांडीवर घेऊन आईशेजारी बसले. उमरेडहून मामीने मोबाइल धरला होता. पडद्यावर आधी तिचा अंगठा आला, मग छत, मग मामा.

"दिसून राहिलं काय ताई?" मामाने विचारलं.

"हो हो, मस्त दिसते," आई म्हणाली. मग माझ्या कानाशी वाकून पुटपुटली, "काहीच नाही दिसून राहिलं वं. नुसतं धुकं आहे."

"मग हो कशाला म्हणालीस?"

"त्याचं तोंड नाही पाहिलं काय तू?"

तिचं म्हणणं खरं होतं. वीतभर उंचीच्या त्या पडद्यावर केसाएवढे शेकडो धागे एकमेकांत मिसळून राखी धुकं झाले होते. फणी दिसत होती, मामाचे हात दिसत होते, पण धागा म्हणून काही वेगळं निघत नव्हतं. समोरच्या भिंतीवर मोठा टीव्ही होता. तो बसवणाऱ्याने भिंतीला असा काही चिकटवला आहे की वायरीच्या खाचेपर्यंत करंगळीही पोचत नाही. तेव्हा वायरीवाचून जोडणं आलं.

मी टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरले. स्क्रीन शेअरिंगचा पर्याय उघडताच निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली: जोडणीची वाट पाहत आहे. इकडे लॅपटॉपवर छोटे ठिपके गोल फिरू लागले, तेही वाटच पाहत. दोघं एकाच खोलीत समोरासमोर, आणि एकमेकांचा पत्ता नाही. मी टीव्ही बंद करून चालू केला. लॅपटॉप बंद करून चालू केला. त्यात मामाचा कॉल तुटला, तो पुन्हा लावला. मग राउटरची पिन काढून, मनात थोडं थांबून परत खोचली. कॉल पुन्हा तुटला. आता आईने सरळ आपल्या मोबाइलवरून भावाला फोन लावला.

"थांब जरा. पोरगी हवेत धागा जोडून राहिली."

"राखेत बोट बुडवलं काय म्हणा तिनं?" तिकडून मामाचं हसू ऐकू आलं. त्याच्यामागून मामी ओरडली, "बारा वाजता सुतार येते, ताई! आला तर चहा पाजून बसवते त्याले, पण तो काही दोन कप नाही पेत!"

"तोवर मी विणतो," मामा म्हणाला. "चारक बोटं राहिलं आहे."

कॉल पुन्हा जुळला, आणि या वेळी लॅपटॉपच्या यादीत एक नाव आलं. कंपनीने दिलेलं, अक्षरं आणि आकडे यांचं रुक्ष नाव, पण मला ते एखाद्या हरवलेल्या माणसासारखं वाटलं. मी त्यावर टिचकी मारली. लॅपटॉप म्हणाला, जोडता आलं नाही. पुन्हा मारली. बराच वेळ ठिपके फिरले, आणि मग: जोडलं गेलं.

मी मान वर करून पाहिलं. टीव्ही तसाच निळा, तशीच वाट पाहणारा. शिवाय लॅपटॉपचा आवाज गेला होता. मामाचे हात चालत होते, धोटा इकडून तिकडे जात होता, ओठ हलत होते, आणि सगळं मुकं. आवाजाची पट्टी वर सरकवली, खाली सरकवली. कूलरच्या घरघरीत काही ऐकू येत नसेल म्हणून कूलर बंद केला.

नागपुरात एप्रिलच्या सकाळी कूलर बंद केला की घराचे कान एकदम उघडतात. पंख्याची कुरकुर, कडुनिंबावरची साळुंकी, लांबवर कुणाच्या कुकरची शिटी, आणि या सगळ्यांच्या खालून, माझ्या तळपायांच्या खालून, खटक्-खट, खटक्-खट.

आईने मान वर केली. "माग," ती म्हणाली. "घरात माग चालून राहिला."

क्षणभर मला तिची काळजी वाटली. पण फरशीतून तो ठेका माझ्या पायांनाही कळत होता. तेवढ्यात खालून मामाचा आवाज आला, स्वच्छ, ठणठणीत: "ताई, ऐकू येते काय?" आणि त्यापाठोपाठ स्वयंपाकघराच्या खिडकीतून खालच्या काकूंची हाक: "अवं वरचे! तुमच्याकडचं कोणीतरी आमच्या टीव्हीत येऊन बसलं वं! कोपऱ्यात तुझी आई बी दिसून राहिली!"

मी जिना धावतच उतरले. काकू अंबाडीची जुडी मांडीवर घेऊन निवडत बसल्या होत्या, आणि त्यांच्या टीव्हीवर मामा, भिंतभर, पाठ वाकवून विणत होता. मग मला आठवलं. मागच्या दिवाळीत काकूंना आमचा टीव्ही आवडला, म्हणून त्यांनी त्याच दुकानातून तसाच आणला होता. तेच मॉडेल, तेच रुक्ष नाव. लॅपटॉपने हाक मारली होती ती बरोबर, ओ दिली ती दुसऱ्याने.

"काहीतरी विचारलं त्यानं," काकू रिमोट दाखवत म्हणाल्या. "परवानगी द्यायची काय म्हणे. मी म्हटलं, देऊन टाक बापा. आजकाल कोण एवढं विचारते? पण हा माणूस लय घमेंडी दिसते. केव्हाची विचारून राहिली, काय विणता, कोठचे तुम्ही, तं मुंडकं वर नाही करत."

"काकू, त्याला तुमचं ऐकू जात नाही. तो माझा मामा आहे."

"मामा आहे? मंग राहू दे. भाऊ लोक असेच. माझा तं समोर बसून नाही ऐकत."

मी त्यांना थोडक्यात सगळं सांगितलं: माग, सुतार, आईचा गुडघा. त्यांचा टीव्ही थोडा वेळ बंद झाला तर माझ्या लॅपटॉपला आमचाच सापडेल, असं म्हटलं. काकूंनी ऐकून घेतलं, पण रिमोट काही उचलला नाही. त्यांची नजर पडद्यावर होती. तिथे किरमिजी काठ एकेका धाग्याने पुढे सरकत होता.

"काहून बंद करू? आता तं कुठं रंगात आलं," त्या म्हणाल्या. "मंग मी काय पाहू?"

"वर चला ना."

टीव्ही बंद करून, अंबाडीचं ताट घेऊनच त्या वर आल्या.

आता यादीतलं नाव आमचंच होतं. निळ्या पडद्यावर प्रश्न आला, परवानगी द्यायची का. आईने रिमोट काकूंच्या हातात दिला. "तुमच्याच हातानं होऊ द्या. तुमच्या हाताले गुण आहे." काकूंनी बटण दाबलं. पडदा काळा झाला, एक हिरवी रेघ थरथरत वरून खाली गेली, आणि मग भिंतीवर आजोळ उघडलं.

खिडकीतून ऊन ताण्यावर तिरपं पडलं होतं, त्यामुळे धागान् धागा सुटा दिसत होता. मोरपंखी अंग, दोन्ही कडांना किरमिजी काठ, आणि दर दोन धाग्यांच्या मधे उजेडाची एक बारीक चीर. मामाचा श्वाससुद्धा त्यांवर उमटतो आहे असं वाटावं इतके ते ताठ होते. आई वॉकर पुढे सरकवत उठली. मी धरायला गेले तर तिने खांद्यानेच मला बाजूला केलं, आणि टीव्हीच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. त्या मोरपंखी उजेडाने तिचं पांढरं लुगडंसुद्धा रंगलं.

"काठाजवळ ने वं मोबाइल," ती मामीला म्हणाली.

"हात दुखून राहिला माझा, ताई."

"दुखू दे. जन्मभर माह्या भावाले राबवलं तू, एक दिवस माह्यासाठी राब."

मामी हसली. तिचा हात हलला आणि भिंतभर ताणा लाटेसारखा डुलला. काकूही हसल्या. आई मात्र हसली नाही. तिने चष्मा नाकावर चढवला आणि पडद्याजवळ बोट नेलं.

"हा काठातला तिसरा. ढिला आहे गा."

मामा वाकून पाहू लागला. "कोणता?"

"आतून तिसरा. तुझ्या डाव्या हाताकडून."

"असन. आता काय करायचं त्याचं, ताई? कापायचाच तं आहे."

"कापायच्या आधी नीट कर."

मामाने क्षणभर मोबाइलकडे, म्हणजे आमच्याकडे पाहिलं. त्याला आम्ही तेवढ्याशा चौकोनात कशा दिसत असू कोण जाणे. मग तो मागाच्या पलीकडे गेला, गुडघे टेकून बसला आणि त्याने तो एक धागा शोधून ओढला, पीळ दिला, बांधला. त्याची जाड, कापरी बोटं त्या कामात एकदम तरुण झाली. आम्ही तिघी पाहत होतो. धागा ताठ झाला, आणि इतरांत असा मिसळला की मला तो पुन्हा सापडला नाही. आईला सापडला असणार. तिची मान हळूच हलली.

दारात हत्यारांची पिशवी ठेवल्याचा आवाज झाला. मामी कुणाला तरी बसा म्हणाली. मामा मागासमोर येऊन उभा राहिला. हातात कापडाची मोठी कात्री होती.

"ताई, सुतार आला."

"हो."

"तू हो म्हण, मंगच लावतो."

आईने वॉकर घट्ट धरला. अंबाडी निवडणारे काकूंचे हात थांबले होते. 

"लाव गा," आई म्हणाली.

मामाने कात्री उघडली. एक पातं धाग्यांच्या खाली गेलं, एक वर राहिलं, आणि तिथेच टीव्हीवरचं चित्र थिजलं. आवाजही गेला. कात्री उघडी, धागे ताठ, ऊन तसंच तिरपं.

माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपवर मात्र कॉल चालूच होता. त्या वीतभर पडद्यावर, आवाजाशिवाय, पाती मिटताना मी पाहिली. मग ती पुन्हा उघडली आणि पुढे सरकली. राखी धुक्याला मधोमध फट पडत गेली, आणि दोन्हीकडचे धागे सैल होऊन खाली आले. मामाने मनगटाने नाक पुसलं. एवढं सगळं माझ्या मांडीवर घडलं, आणि समोर भिंतीवर आईच्या आजोबांनी ओवलेला माग भरलेलाच उभा होता.

"अटकलं काय वं?" काकूंनी हळूच विचारलं.

यावर काय करायचं ते मला आता येत होतं. जोडणी तोडायची, यादीतलं नाव पुन्हा निवडायचं, आणि समोरचं चित्र मांडीवरच्याला येऊन मिळालं असतं. मी बोट बटणाकडे नेलं. आई तिथेच उभी होती, पडद्यापासून हातभर अंतरावर, डोळ्यांनी एकेक धागा मोजावा तशी. मागे वळून न पाहता ती मला म्हणाली, "थांब."