सात मजले, सत्तर फूट

इमारती बाहेरून रंगवण्याची कामं घेणाऱ्या त्या ठेकेदाराला सगळे दहाफूट म्हणायचे. स्वतःची उंची बेताचीच, पण नाव दहाफूट. कुठलीही इमारत दाखवा, गडी रस्त्यापलीकडे उभा राहणार, डोळे बारीक करणार, बोटाने मजले मोजणार आणि न्यायाधीशाच्या थाटात सांगणार, मजले गुणिले दहा, विषय संपला.

दोरावर मात्र धाकटा भाऊ लटकायचा. गच्चीला दोर बांधायचा, त्याला फळी अडकवायची आणि फळीवर बसून रंगवत रंगवत खाली सरकायचं. दोर किती लांब कापायचा ते दादा ठरवणार. धाकट्याची बायको म्हणायची, बसण्याआधी दोर नुसता सोडून तरी बघा, जमिनीला टेकतो का. धाकटा हसायचा. आईच्या हातचं जेवताना मीठ आधी चाखून बघतं का कोणी?

त्या इमारतीला मजले सात. दहाफूटने पलीकडूनच सत्तर सांगितले, गाठींसाठी वर पाच धरले आणि दोर कापला. तळमजल्याला गाड्यांचं शोरूम होतं, त्याचं छत दोन मजल्यांइतकं उंच. वर गच्चीचा कठडा वेगळाच. पण गुणाकारात अशा भानगडींना जागा नव्हती. मजला म्हणजे मजला.

धाकटा सरकत सरकत शोरूमच्या पाटीपाशी आला आणि दोर संपला. टोकाला गाठ होती म्हणून फळी अडकली. पाय हवेत, मांडीवर रंगाचा डबा. खाली गर्दी जमली. एकाने विचारलं, वाळत घातलाय का याला? शोरूमचा माणूस म्हणाला, मागे शिडी आहे, आणवतो, जरा दम धरा. पण शिडी आली असती तर दोर तोकडा पडल्याचा गावभर बोभाटा झाला असता. दहाफूटने मान वर केली, डोळे बारीक केले.

"शिडी कशाला? मार उडी. आठ फूट असेल फार तर."

"नक्की ना, दादा?"

"मी सांगतोय ना!"

धाकट्याने उडी मारली. टाचेचा चुरा झाला.

दवाखान्यात तो दादाचीच माफी मागत होता. माझीच उडी चुकली, तुझं काम खोळंबलं. दादाही मोठ्या मनाने असू दे, असू दे म्हणत होता. डॉक्टरांनी उंची विचारली, तेव्हा दहाफूटने आठ सांगितले. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला.

"आठ फुटांवरून असं होत नाही हो. चौदा तरी असणार."

धाकट्याने भिंतीकडे तोंड केलं. माफी तिथेच थांबली.

दहाफूट जगभर सांगत सुटला की शोरूमवाल्यांनीच फसवलं, सातात आठवा मजला दडवला. ऐकणारे हो हो म्हणायचे, पण त्याच्या दोरावर बसायला एकही माणूस मिळेना. शेवटी तो भावाच्या घरी गेला. पाच मजल्यांचं काम आलंय, सोपं आहे, पन्नास फूट.

"दादा, मी आता कुंपणं रंगवतो," धाकटा म्हणाला.

"कुंपणं? किती फुटांची?"

धाकट्याने छातीशी आडवा हात धरला. "एवढी."

भावजयीने चहा दिला, तो दहाफूटने गरम गरमच संपवला. निघताना धाकटा दारापर्यंत आला नाही. टाच दुखतेय म्हणाला. मघाशी दादासाठी पाणी आणायला मात्र तो स्वतःच चालत गेला होता.