शनिवारच्या मुलाखती

देवपूरच्या कॉलेजात मी आणि माझा नवरा एकाच विभागात फिजिक्स शिकवायचो. एमएस्सी होऊन गेलेली मुलं पुन्हा भेटायला यायची आणि दारातच उभी राहून विचारायची, "सर, आता पुढं काय करू?" आमचा एक हुशार विद्यार्थी आग्रा रोडवर मोबाइलची कव्हरं विकताना दिसला. त्यानं आम्हाला आग्रहानं चहा पाजला. घरी आल्यावर नवरा जेवला नाही. म्हणाला, "अणूच्या आत काय असतं ते आपण त्याला शिकवलं. कारखान्याच्या आत कसं शिरायचं, ते शिकवायचं राहून गेलं."

त्या सुट्टीत त्यानं जळगावच्या पाइप कारखान्यांचे उंबरे झिजवले. "तुम्हाला कसा माणूस लागतो?" एवढंच विचारायचा. एका अधिकाऱ्यानं सांगितलं, "माप चुकलं तर का चुकलं, हे शोधून नीट सांगणारा पाहिजे." एवढ्यावर आमचा शनिवारचा वर्ग सुरू झाला. सोल्डरिंग, सेन्सर तपासणं, यंत्राची माहितीपुस्तिका वाचणं आणि शेवटी खोटी मुलाखत. त्यासाठी तो लग्नातला टाय घालून बसायचा आणि पोरं तोंड दाबून हसायची.

सोनगीरच्या एका तांबटाची मुलगी त्या वर्गात होती. बिघडलेलं यंत्र तिच्या हाती दिलं की तासाभरात चालू व्हायचं, पण मुलाखतीच्या खुर्चीत बसली की गप्प. एकदा रडकुंडीला येऊन म्हणाली, "सर, माले समजस, पन इंग्रजीमा सांगता येत नही."

"मग अहिराणीत सांग. आधी सांगायची सवय होऊ दे."

ती सांगायला लागली, आणि त्याचाच आवाज बसला.

आम्हाला वाटलं, खडूची धूळ असेल. निघाला घशाचा कॅन्सर. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागलं. ज्याची हाक जिन्यावरून खाली मैदानात ऐकू जायची, तो माणूस घरात टाळ्या वाजवून मला बोलवायला लागला. मला वाटलं, शनिवारचं आता संपलं. पण थोडं बरं वाटताच तो गळ्याला रुमाल बांधून वर्गात गेला. प्रश्न फळ्यावर लिहायचा आणि मुलीनं उत्तर द्यायचं. ती चाचरली की तो हातानं खूण करायचा, 'मोठ्यानं बोल.' माझ्याकडं न बघता ती एकदा म्हणाली, "मॅडम, सरांसमोर आता गप्प बसायची लाज वाटते."

जळगावहून तिला मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा आजार फुप्फुसात उतरला होता. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं होतं. तरी तो गाडीत जाऊन बसला. पारोळ्यापर्यंत तिच्याकडून उत्तरं म्हणवून घेतली, पुढं त्याला डोळे उघडे ठेवता येईनात. कारखान्याच्या फाटकाशी आम्ही कडुनिंबाखाली गाडी लावली. ती बाहेर आली ती धावतच.

"सर, त्यांनी विचारलं, एकाच पाइपची जाडी दोनदा वेगवेगळी आली तर काय कराल? मी म्हटलं, आधी पाइपवर शंका घेणार नाही, उपकरण तपासेन. मी अर्धं इंग्रजीत बोलले, अर्धं मराठीत. थांबले मात्र नाही."

तो हसला. हसण्याचा आवाज येत नव्हता, खांदे तेवढे हलत होते. मी तोंड फिरवलं आणि चावी लावली.

निवड झाल्याचा फोन तिला आला त्या दिवशी सकाळीच तो गेला होता. अंगणात माणसं जमली होती. त्याचा फोन माझ्या हातात वाजला. तिला काहीच माहीत नव्हतं.

"सर, तुम्ही काही करू नका, नुसतं ऐका. झालं सर! पुढच्या सोमवारी हजर व्हायचंय. क्वालिटी लॅब! आबा तर दुकान बंद करून पेढे आणायला गेले."

मी तिला थांबवलं नाही. त्याच्यासाठी आणलेली बातमी पूर्ण सांगून होऊ दिली. मग म्हटलं, "बाळ, मी बोलतेय."

सर सकाळीच गेले, हे मी तिला सांगितलं. ती अशी ओरडून रडली की शेजारी उभ्या असलेल्या नणंदेनं माझ्या हातातून फोन घेतला.

संध्याकाळी ती बापाबरोबर आली. पेढ्यांचा पुडा घेऊन आत यावं की नाही, हे त्या माणसाला कळेना. तो फाटकाशीच घुटमळत राहिला. शेवटी मीच त्याच्या हातातून पुडा घेतला.

शनिवारचा वर्ग मी चालू ठेवलाय. मला यंत्रं तेवढी जमत नाहीत, मुलाखती मात्र घेते. मुलं पुणे-नाशिकला लागतात, एखादा जळगावला. निवड झाली की आधी मला फोन करतात आणि मी खरंच खूश होते. मग फोन ठेवते. ही बातमी घरात ज्याला सांगायची, तो नाही. कितीतरी वेळ मी तशीच खुर्चीत बसून राहते, आणि दिवा लावायचंही भान राहत नाही.